विहीणबाईंची वळकटी

४ फेब्रुवारी २००७, रविवार

आज पलंग आला. सकाळी कॅम्प दोनच्या जुन्या फर्निचरच्या गल्लीत गेलो आणि दुपारी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी राजासारखा बसून बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या घरी परत आलो. मागे दोरीने आवळलेला अस्सल सागवानी पलंग. उशाकडे कातीव दांड्यांची जाळी. असं काम आता कुणी करत नाही.

दुकानाचा सेठ म्हणाला, "चाचा, हाथी बिठाओ इसपे, हाथी!"

मी म्हटलं, "हाथी नहीं सेठ, बहू सोनेवाली है. आठवा महिना है."

हसला. म्हणाला, "तो फिर दुआ में दे रहा हूँ समझो." कालच पॉलिश मारल्यामुळे पलंग असा चमकत होता की त्यात माझं टक्कल दिसलं.

प्रीतीला डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर झोपू नको म्हणून सांगितलंय. उठता-बसता त्रास होतो पोरीला. राजरत्न नवीन प्लायचा पलंग घेणार होता. मी म्हटलं, "पोरा, प्लाय म्हणजे कागद. तुझ्या बापाने कंपनीत उभा जन्म लाकडी खोकी ठोकली आहेत. लाकूड मला कळतं." खोक्यांवर पत्ते छापता छापताच मी अक्षरं शिकलो, नाहीतर आज ही डायरी कुठून लिहिली असती? त्याच कंपनीच्या केमिकलने माझं नाक मात्र कायमचं नेलं. फोडणी जळाली तरी मला चांगुणाने ओरडल्यावर कळतं.

पलंग लागला. प्रीती बसली आणि म्हणाली, "पप्पा, याला कसलातरी गोडूस वास येतोय. नासक्या बदामासारखा."

चांगुणा म्हणाली, "मला पॉलिशशिवाय काही येत नाही. डोकं उठलंय नुसतं."

मी म्हटलं, "बाई, पोटुशीला पाण्यालाही वास येतो. तुझ्या सासूला माझाच यायचा." पोर हसली.

पुढच्या रविवारी प्रीतीची आई येणार. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण विहीणबाईंची अंबरनाथला एकच खोली. म्हणून मीच म्हटलं, तुम्हीच इकडे या. माझ्या मनात एकच आहे. बाळाने डोळे उघडावेत तेव्हा दोन्ही आज्या एका घरात असाव्यात. मला एकही आजी बघायला मिळाली नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

विहीणबाई आल्या. विठाबाई. एका हातात पिशवी, खांद्यावर वळकटी. मी जिन्यात सामोरा गेलो. "जय भीम! अहो, हे ओझं कशाला? घरात गाद्या आहेत की!"

"जय भीम भाऊ. असू द्या गाद्या. लेकीच्या घरी अंथरूण आपलंच न्यावं, माझ्या आईनं सांगितलंय. तुमच्या ताटात जेवीन, तुमचं पाणी पिईन, पण पाठ आपल्याच गोधडीवर टेकीन."

"का बरं?"

"दुसऱ्याच्या अंथरुणावर पडलं की माणूस पाहुणा राहत नाही, आश्रित होतो."

चांगुणा आतून म्हणाली, "ताई, आमच्या घरातले ढीगभर रीतिरिवाज पुरेत, त्यात तुमचे कुठे!" आणि दोघी खळखळून हसल्या. जमणार यांचं.

वळकटीत एक सतरंजी, पातळ गादी, गोधडी आणि चादर. ठिगळं आहेत, पण धुवून धुवून पांढरी पडलेली. प्रीतीच्या पलंगाला लागून खाली अंथरली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

घर भरल्यासारखं झालंय. विहीणबाई बालवाडीत मुलांची खिचडी शिजवतात. हाताला तेच माप. आज आम्हा पाचजणांना पन्नास पोरांची खिचडी झाली. चांगुणा म्हणाली, "ताई, आता बिल्डिंगमध्ये घंटा वाजवा."

त्यांना वाचता येत नाही. मला पेपर मोठ्याने वाचायला लावतात आणि मध्येच थांबवतात. "भाऊ, हा मंत्री काल हेच बोलला होता की!" मी म्हणतो, रोज हेच बोलतो. "मग रोज कशाला वाचता?" मी पान उलटलं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रीतीच्या दंडावर, मानेवर गांधी उठल्यात. लाल लाल, ओळीने. चांगुणा म्हणते पित्त. आमसुलाचं पाणी लावलं. विहीणबाई नुसत्या गांधी बघत बसल्या.

दुपारी मी जेवून लवंडलो होतो, तर दारात आल्या. "भाऊ, जरा वेगळं बोलायचं होतं. तुमच्या एकट्याशी."

मला वाटलं, बारशाच्या खर्चाचं असणार. गरीब बाई, संकोच करते. मी म्हटलं, "विहीणबाई, कसली काळजी करू नका. सगळं आम्ही बघून घेऊ." त्या "बरं, उद्या बोलू" म्हणून गेल्या.

२४ फेब्रुवारी, शनिवार

ढेकूण निघाला घरात! लिहितानाही लाज वाटते. नवी बिल्डिंग, नवा रंग.

चांगुणा केर काढायला विहीणबाईंचं अंथरूण उचलत होती, तर गादीच्या शिवणीत टपोरा ढेकूण. तिने हाक मारून सगळ्यांना दाखवला.

"ताई, हे बघा."

"माझ्या अंथरुणात?" विहीणबाई म्हणाल्या. "कधीच नाही. माझ्या घरात ढेकूण नाही. दर सणाला चुना मारते मी."

"मग हा काय रिक्षा करून आला?"

प्रीतीचा चेहरा उतरला. राजरत्न म्हणाला, "मम्मी, सगळ्या खोल्या बघू, पलंगही बघू." मी म्हटलं, पलंग कशाला? परवा पॉलिश झालेला, आरशासारखा. ढेकणाने पाय ठेवला तर घसरेल.

वातावरण तापायला लागलं तसा मी मध्ये पडलो. गोड शब्दाने सगळं निभतं. म्हटलं, "विहीणबाई, मनाला लावून घेऊ नका. आम्हीही चाळीतूनच आलो. गरिबाच्या घरात ढेकूण असायचेच. त्यात तुमचा काय दोष? आपण उपाय करू."

त्यांनी गादीची घडी घातली. पटलं असावं.

एक अडचण आहे. प्रीतीमुळे घरात औषध मारायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणजे जुनाच इलाज. आणि सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणायचं, पहिलंच शील प्राणीहत्या करणार नाही, आणि म्हणून झालं की हातात चप्पल! बाळ झोपायचंय म्हटल्यावर शील जरा बाजूला सरकून बसेल.

२५ फेब्रुवारी, रविवार

काम फत्ते. विहीणबाई अंघोळीला गेल्या होत्या, तोवर मी त्यांची वळकटी उचलून खाली कंपाउंडमध्ये नेली. तीन विटा मांडल्या, वर पत्र्याचा मोठा डबा, खाली खोक्यांची लाकडं. गादी, गोधडी, चादर, सगळं उकळत्या पाण्यात ढकललं. काठीने ढवळत होतो.

रविवारमुळे सगळे घरी. तळमजल्यावरचे रघुशेठ म्हणाले, "सोमाभाऊ, काय शिजवताय? वास तर मटणाचा नाही!"

मी म्हटलं, "पाहुण्यांच्या अंथरुणाला उकळी देतोय! अंबरनाथहून वऱ्हाड आलंय, रक्त पिणारं!"

सगळे हसले. बायका गॅलऱ्यांत आल्या. वर बघतो तर विहीणबाईही आमच्या गॅलरीत उभ्या होत्या, ओले केस तसेच. मी हात केला. ऊन डोळ्यांवर असावं, त्यांना दिसलं नाही.

गादीचा कापूस मात्र गोळे होऊन बसला, गोधडीचे टाके उसवले. ठीक आहे. संध्याकाळी बाजारातून त्यांच्यासाठी नवीकोरी गादी आणली, फुलाफुलांच्या खोळीची. नुकसान आपल्याकडून झालं तर भरूनही आपणच द्यावं. त्यांनी गादीला हात लावून "चांगली आहे" म्हटलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

विहीणबाई नवीन गादी वापरतच नाहीत. प्लास्टिकसकट भिंतीला उभी करून ठेवलीय. आपण फरशीवर नुसती सतरंजी टाकून झोपतात. विचारलं, तर म्हणाल्या, "उकडतंय भाऊ. फरशी गार लागते." फेब्रुवारीत? असेल. नव्या वस्तूला जपणारी बाई दिसते.

पेपर वाचू का विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाल्या.

१ मार्च, गुरुवार

विहीणबाई गेल्या. बालवाडीतून निरोप आला म्हणे, बदली बाई मिळत नाही. चांगुणा म्हणाली, "फोन तर आला नाही." मी म्हटलं, कुणाकरवी आला असेल. स्टेशनपर्यंत पोचवतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. वळकटीतलं सतरंजीएवढंच धड राहिलं होतं, तेच काखेत मारून गेल्या. नवीन गादी न्या म्हटलं, तर "राहू द्या, प्रीतीला होईल."

आणि झालंही तसंच! प्रीतीने ती गादी खाली अंथरली. पलंगावर कंबर दुखते म्हणे. एवढा सागवानी पलंग, आणि पोर जमिनीवर. आता राजरत्न एकटा झोपतो त्यावर. मला जरा वाईट वाटलं.

१६ मार्च, शुक्रवार

मुलगी झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप. राजरत्नने पेढ्यांऐवजी बर्फी वाटली, मुलगी म्हणून. मला कुठला फरक? पेढाही गोड, बर्फीही गोड. विहीणबाई दवाखान्यात आमच्याआधी हजर. बाळाला त्यांनी पुसलं, गुंडाळलं आणि आधी चांगुणाच्या हातात दिलं. मोठ्या मनाची बाई. गेल्या महिन्यातलं सगळं विसरल्या असणार.

१९ मार्च, सोमवार

प्रीती बाळाला घेऊन दवाखान्यातूनच परस्पर अंबरनाथला गेली.

आम्ही घर सजवलं होतं. चांगुणाने दारात रांगोळी काढली होती. प्रीती म्हणाली, "मम्मी, घरात अजून ढेकूण आहेत. बाळाला कसं आणू? घर साफ झालं की येते." बोलली गोडच, पण माझ्याकडे बघून बोलली नाही. विहीणबाई रिक्षात आधीच बसल्या होत्या.

म्हणजे आता ढेकूण गेले तरच नात घरी येणार. आणि नात आली तर तिच्यामागे तिची आजी येईल. सगळं त्या टिचभर किड्यावर अडलंय.

रांगोळी चांगुणाने पुसली नाही. मी ओलांडून आत आलो.

२५ मार्च, रविवार

वळकटी जाऊन महिना झाला, तरी ढेकणांचा मुक्काम हलत नाही. औषध मारावं, तर तान्ही पोर कधीही घरी येईल म्हणून धजत नाही. राजरत्न सोलून निघालाय. आज कंटाळून त्याने पलंगाची फळी उचलली, आणि खाली बघवेना! सांध्यासांध्यांत पिलावळ, कातीची टरफलं, काळे ठिपके.

राजरत्न म्हणाला, "पप्पा, एवढे सगळे एका वळकटीतून आले?"

मी म्हटलं, "अरे, ढेकणाचा संसार वाढायला काय मंडप लागतो? आले चार, झाले चारशे."

त्याने फळी खाली टाकली. मग म्हणाला, "भंगारात देऊन टाका पलंग." आणि शर्ट घालून अंबरनाथला गेला.

बिचारा पलंग. चोर सोडून संन्याशाला फाशी. दुपारी गच्चीवर नेऊन मोडला. फळ्या भंगारवाल्याला दिल्या. उशाची कातीव जाळी मात्र देववेना.

२९ मार्च, गुरुवार

एक युक्ती सुचली. उशाच्या जाळीचा पाळणा करायचा! खरं तर पाळणा आजोळचा, पण त्यांची ऐपत ती काय. आपण करून नेला तर मनातली कुरकुर असेल तीही जाईल. कुणाला सांगत नाही. राजरत्न ऑफिसात असतो, गच्चीवर कुणी येत नाही. फक्त चांगुणाला ठाऊक.

ती म्हणाली, "अहो, त्यातही असतील तर?"

"उन्हात चार दिवस पडलंय ते. कोळसा झाला असेल त्यांचा."

उकळतं पाणी ओतायचं मनात होतं, पण सांध्यांतला सरस सुटला असता. दांडे उपटून बघायचे, तर असे घट्ट बसवलेत की जुन्या कारागिराचं काम मोडायला हात धजेना. रॉकेल नको म्हटलं, बाळाच्या नाकाला वास. ओल्या फडक्याने पुसून काढलं, पॉलिश पेपर मारला.

४ एप्रिल, बुधवार

पाळण्याला पांढरा ऑइलपेंट, दांड्यांना निळा. दुसरा हात आज दिला. पलंगातून निघालाय असं कुणी सांगणार नाही. माझ्या हाताला अजून विसर पडलेला नाही.

८ एप्रिल, रविवार

नामकरण झालं. नाव पायल. चांगुणाला मनातून वेगळं हवं होतं, पण घोषणा झाल्यावर तिनेच आधी हाक मारली.

पाळणा टेम्पोतून नेला. अंबरनाथ पूर्वेची ती चाळ बघायला गोळा झाली. विहीणबाईंनी खोलीत लुगड्याची झोळी बांधली होती बाळासाठी. पाळणा बघितला, बोटांनी दांडे चाचपले आणि म्हणाल्या, "भाऊ, कसब आहे तुमच्या हाताला." लगेच झोळी सोडली आणि पायलला पाळण्यात घातलं. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं, "आमच्या व्याह्यांनी स्वतः केलाय!" माझी छाती अशी फुगली!

खोली लहान पण कशी लख्ख. चुन्याचा हात ताजा. कोपऱ्यात गुंडाळलेली चटई. विचारलं, गादी नाही केलीत नवीन? म्हणाल्या, "उन्हाळ्याची चटईच बरी."

निघताना म्हटलं, "महिन्याभरात चला आता सगळ्या बदलापूरला." त्या हसल्या. सव्वा महिना झाल्यावर बघू म्हणाल्या. जमतंय, जमतंय.

१७ एप्रिल, मंगळवार

राजरत्न अंबरनाथहून आला तो बूट न काढताच माझ्यासमोर उभा राहिला.

"पप्पा, पाळणा कशाचा केला होता?"

मी म्हटलं, सागवानाचा.

"कुठल्या सागवानाचा?"

पायलच्या गालावर, पायांवर गांधी उठल्यात. सबंध दोन दिवस रडत होती. विहीणबाईंनी दांड्यांच्या भोकात काडी घातली तर ढेकूण बाहेर पडले. मग त्यांनी सुरीने रंग खरवडला आणि खालचा दांडा ओळखला.

राजरत्न ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "जेमतेम महिन्याची आहे हो ती," एवढंच म्हणाला.

मी हिशेब लावत बसलोय. वळकटी तर मी उकळून काढली होती. त्यांच्या घरात त्या तेव्हापासून चटईवर आहेत, एक ढेकूण नाही. पाळणा तिथे गेला आणि त्याच्याबरोबर ढेकूण गेले. पाळणा पलंगाचा. आणि पलंग विहीणबाईंच्या आधी आठवडाभर घरात आलेला. प्रीतीने पहिल्याच दिवशी वास सांगितला होता, तो मी हसण्यावारी नेला. वळकटीत एक सापडला, तो शेजारच्या पलंगावरून उतरून गेलेला.

लाकूड मला कळतं म्हणे!

१८ एप्रिल, बुधवार

सकाळीच अंबरनाथला गेलो. चांगुणा येते म्हणाली, मी नको म्हटलं.

पाळणा दाराशी होता, विहीणबाईंच्या चादरीत पुरा गुंडाळून सुतळीने बांधलेला. मी चप्पल काढतोय तोच शेजारची बाई डोकावली. "काय हो विठाबाई, एवढा हौसेचा पाळणा परत पाठवताय?"

मी तोंड उघडलं. सांगूनच टाकणार होतो. विहीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जीभ जागीच राहिली.

त्या हसत म्हणाल्या, "खोली बघ केवढी, पाळणा बघ केवढा! व्याह्यांनी राजवाड्याच्या मापाने केलाय. रात्री मी कुठे झोपू, त्याच्यात?"

"आणि ढेकूण झालेत म्हणे तुमच्याकडे?"

"झालेत बाई. उन्हाळा आहे. होतात."

बाई हसत गेली. विहीणबाईंनी दार लोटून घेतलं. प्रीती पायलला मांडीवर घेऊन बसली होती. तिने पोरीवरचं फडकं सारखं केलं, मला गांधी दिसू नयेत म्हणून. तरी दिसल्या.

मी हात जोडले. "चुकलो विहीणबाई. ढेकूण माझ्या पलंगातले होते."

"मला माहीत होतं भाऊ."

"कधीपासून?"

"प्रीतीच्या अंगावर उठलं तेव्हा मी काडी घालून बघितली होती. म्हणून तर दुपारी तुमच्या दाराशी आले. म्हटलं, भाऊंनी एवढ्या हौसेनं आणलाय, चारचौघांत नको. एकटं गाठून सांगू."

मला ती दुपार आठवली. मी लवंडलो होतो आणि म्हणालो होतो, सगळं आम्ही बघून घेऊ.

"मग सापडला तेव्हा का बोलला नाहीत?"

"तेव्हा बोलले असते तर उलट बोलल्यासारखं झालं असतं. विहीण आपलं झाकायला पलंगाला नावं ठेवते, असंच ना? प्रीतीला तेवढं सांगितलं, खाली झोप म्हणून. सासरी काही बोलू नको म्हटलं. पाळण्याचं मात्र मला नाही कळलं भाऊ. तेवढा रंग नको होता द्यायला."

मी म्हटलं, "आत्ता शेजारणीला खरं का नाही सांगितलं? माझं नाव सांगायचं!"

"कशाला? उद्या चाळ म्हणेल, विठाच्या लेकीच्या सासरचे ढेकणांचे. माझी लेक नांदायचीय तिथे. आणि तुम्हीही माणूसच आहात, लाज असते माणसाला."

त्यांनी चहा दिला. ढेकणाबद्दल माफ केलंय म्हणाल्या. "ढेकूण काय, राजाच्या घरात होतो. पण भाऊ, मला न विचारता माझं अंथरूण खाली नेलंत. मी वरून बघत होते. तुम्ही हात केलात."

"घरी याल ना?" मी विचारलं.

"प्रीती येईल. तिचं घर आहे ते," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

२० एप्रिल, शुक्रवार

पाळणा मागच्या मैदानात जाळला. ऑइलपेंटचा धूर काळा झाला असेल, मला वास आला नाही. औषध मारणाऱ्या माणसाला बोलावून घर धुवून घेतलं. चादर चांगुणाने गरम पाण्यातून काढली, इस्त्री केली आणि राजरत्नबरोबर परत पाठवली.

२२ एप्रिल, रविवार

ज्या जागी बोललो त्याच जागी परत बोलायचं ठरवलं. संध्याकाळी कंपाउंडच्या बाकड्यावर सगळे जमले होते. उभा राहून सांगितलं, "ऐका मंडळी. ढेकूण आमच्या विहिणीच्या वळकटीतून आले नव्हते. मी आणलेल्या पलंगातून आले होते. मी तेव्हा चुकीचं बोललो."

रघुशेठ म्हणाले, "कुठले ढेकूण हो?"

दुसरा म्हणाला, "ते नाही का, उकळी दिली होती... रक्त पिणारं वऱ्हाड!" आणि सगळे पुन्हा हसले. मी परत समजावलं. रघुशेठ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सोमाभाऊ, तुम्ही सज्जन. सोयऱ्यांना सांभाळून घेताय. पण वळकटी होतीच हो तशी, ठिगळाठिगळांची."

मी जिना चढून वर आलो. खोटं एका दमात सगळ्या बिल्डिंगला पटलं होतं.

६ मे, रविवार

आज पायल घरी आली. प्रीती, राजरत्न, बाळ आणि विहीणबाई, सगळे एका रिक्षातून. मी फाटकाशी उभाच होतो. प्रीती उतरली. पाठोपाठ राजरत्न बाळाचं सामान घेऊन. विहीणबाई आत बसूनच. पायल त्यांच्या मांडीवर झोपली होती. त्यांनी तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि तिला बाहेर माझ्या हातात दिलं. गांधींचे डाग आता पुसट झालेत.

मी म्हटलं, "विहीणबाई, चढा ना वर. घोटभर चहा."

"नको भाऊ. रिक्षा थांबलीय."

प्रीतीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाळाला माझ्याकडून घेऊन जिन्याकडे गेली. राजरत्न मागोमाग. गॅलऱ्यांत चारदोन बायका उभ्या होत्या. रघुशेठ पेपर खाली करून बघत होते. विहीणबाईंनी एकदा वर नजर टाकली आणि पदर सारखा केला.

मला म्हणायचं होतं, तुमचं अंथरूण घेऊन या, आमची गादी नको. म्हणायचं होतं, दार उघडं आहे. पण या बाईला मी एवढी वाक्यं ऐकवलीत आजवर, आणि प्रत्येक वेळी मला ती गोडच वाटली होती. त्यामुळे तोंड उघडायची भीती वाटली.

रिक्षावाला मान वळवून म्हणाला, "मौसी, जाना है तो जाओ ऊपर. मैं रुकता हूँ, कोई जल्दी नहीं."

"चल बाबा," त्या म्हणाल्या.

रिक्षा वळली. वरून पायल रडल्याचा आवाज आला, आणि चांगुणाने गॅलरीतून हाक मारली, "अहो, ताईंना घेऊन या ना वर, चहा टाकलाय!"